नवीन फोर-बाय-फोर घेतलीय, ऑफ-रोडिंगसाठी लगेच लिफ्ट किट आणि मोठे टायर बसवू का, की स्टॉकच ठेवू?

स्टॉकच ठेवा, म्हणजे कंपनीतून आली तशीच. निदान पहिलं वर्षभर तरी. एवढंच लिहून थांबणार होतो, पण तुम्ही प्रश्नात लिहिलंय की "सगळे म्हणतात स्टॉक गाडी अर्ध्या वाटेत अडकते आणि बाकीच्यांना ओढत बसावं लागतं", ते वाचून राहवलं नाही. हे वाक्य मी माझ्या एका जुन्या मित्राकडून इतक्या वेळा ऐकलंय की आता त्यावर नीट लिहायलाच हवं.

त्याची आणि माझी गाडी एकच मॉडेल, पुढंमागं सॉलिड अॅक्सल, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एकच अखंड दांडा. त्यानं घेतल्या घेतल्या तीन इंचांची लिफ्ट (गाडी उंच करणारं सस्पेन्शन किट) घातली, मड टायर, लोखंडी बंपर, वर रूफ रॅक. मी फक्त कंपनीच्या साइजचेच ऑल-टेरेन टायर घातले आणि पुढंमागं चेसिसला बोल्ट केलेले रिकव्हरी पॉइंट (अडकलेली गाडी ओढायला स्ट्रॅप लावायच्या जागा) बसवून घेतले. यावरून ग्रुपमध्ये कायम बोलणी खायचो, की तुला खर्च करायचा नाही, तुझी शोरूमची गाडी, तू मागंच राहा वगैरे.

मग एकदा पाऊस पडून गेल्यावर एक चिकणमातीचा चढ लागला. आधीच्या गाड्यांनी दोन खोल चाकोऱ्या पाडलेल्या आणि मधे मातीचा उंच वरंबा. मित्र पुढं होता, सरळ चाकोरीत चाकं घातली आणि जोरात अॅक्सिलरेटर दाबला. अर्ध्यावर मागचं डिफ (डिफरन्शियल, अॅक्सलच्या मधला गिअरचा गोळा) वरंब्यावर बसलं आणि चारही चाकं जागच्या जागी गरगरायला लागली. आता इथंच सगळी गोम आहे, लिफ्ट किटनं बॉडी आणि चेसिस वर जातं, अॅक्सल जाग्यावरच राहतो. डिफ अॅक्सलवरच असतं, त्यामुळं डिफच्या खालची जागा तीन इंच लिफ्ट घालूनसुद्धा एका केसाएवढी वाढत नाही. ती वाढते फक्त मोठ्या टायरनं, आणि तीही व्यासात जेवढी वाढ झाली त्याच्या निम्मी. म्हणजे २९ इंचांचे काढून ३३ चे घातले तर मिळाले दोन इंच. त्याचे टायर जेमतेम एका इंचानं मोठे होते, मग वरंब्यावर त्याचा फायदा अर्धा इंच. आणि हवा? हायवेची, पूर्ण ३२ पीएसआय. कमी करायला सांगितलं होतं खाली, तर म्हणे मड टायरला गरज नसते.

त्याला बाहेर काढताना कोणीतरी स्ट्रॅप घेऊन थेट टो बॉलला अडकवायला निघाला. मी अक्षरशः ओरडलो. टो बॉल ट्रेलर ओढायला असतो, अडकलेल्या गाडीला हिसका द्यायला नाही, तो तुटला तर गोळीसारखा येतो आणि अशानं माणसं गेलेली आहेत. यावर मी कोणाशीच वाद घालत नाही. फावड्यानं वरंबा फोडला, त्याच्या टायरची हवा १८ वर आणली, चेसिसच्या पॉइंटला स्ट्रॅप लावला, आणि गाडी हळूच मागं खाली उतरली. फार ओढावंसुद्धा लागलं नाही.

मग मी गेलो. पाच मिनिटं पायी चढून वाट बघितली आणि ठरवलं की एका बाजूची चाकं वरंब्यावर आणि दुसऱ्या बाजूची चाकोरीच्या बाहेरच्या काठावर ठेवायची, चाकोरीत उतरायचंच नाही. हवा १८, लो रेंज (संथ पण जास्त ताकदीचे गिअर), दुसरा गिअर, पाय एकसारखा. एकदा मागचं चाक घसरलं, ट्रॅक्शन कंट्रोलनं ब्रेक मारून पलीकडच्या चाकाला ताकद दिली, गाडी वर. त्यावर मित्र काय म्हणाला, तर "तुझी हलकी आहे म्हणून गेली". अरे मग तुझी जड कोणी केली?

परत येताना हायवेवर त्याचं स्टिअरिंग एका स्पीडच्या पुढं थडथडायला लागलं, हातात धरवेना. लिफ्टनं कॅस्टर अँगल (स्टिअरिंग सरळ ठेवणारा चाकांचा कल) कमी होतो, तो दुरुस्त करायला वेगळे पार्ट लागतात, पॅनहार्ड रॉड (अॅक्सलला मधोमध धरणारी आडवी दांडी) अॅडजस्टेबल नसेल तर अॅक्सल एका बाजूला सरकतो, ब्रेकच्या नळ्या अपुऱ्या पडू शकतात, ड्राइव्हशाफ्टचा कोन बिघडतो. ज्यानं किट बसवलं त्यानं स्प्रिंग आणि शॉक बदलले आणि बाकी काही सांगितलंच नाही. मोठ्या टायरचंही तसंच, २९ वरून ३३ म्हणजे गिअरिंग साधारण १४ टक्के लांबतं, लो रेंजमध्ये सगळ्यात जास्त लागणारा संथपणाच जातो, ब्रेकिंगचं अंतर वाढतं, स्पीडोमीटर १०० दाखवतो तेव्हा तुम्ही ११४ च्या आसपास असता.

म्हणून आधी चांगला प्रेशर गेज आणि कंप्रेसर घ्या. रस्त्यावर हवा ३२-३५ असते, ती चिखलात आणि खडीवर १८-२० वर आणा, वाळूत १५ पर्यंत. १२ च्या खाली साध्या रिमवर टायर निसटायची भीती असते, जाऊ नका. आणि कमी हवेवर जोरात पळवू नका, डांबरी रस्ता लागला की आधी भरा. मग ऑल-टेरेन टायर, रिकव्हरी पॉइंट, खाली स्किड प्लेट (पोट वाचवणारा जाड पत्रा). हे सगळं झाल्यावर तुमची गाडी नेमकी कुठं अडते ते बघा. चाक हवेत गेल्यावर अडत असेल तर डिफ लॉकर (अॅक्सलची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं) लागेल, लिफ्ट नाही. पोटच सारखं टेकत असेल, दगडांच्या वाटेवर बंपर घासत असेल, तर मात्र लिफ्टचा खरा उपयोग आहे, अप्रोच, डिपार्चर आणि ब्रेकओव्हर (पुढून, मागून आणि पोटाखाली न घासता जायचे) तिन्ही अँगल सुधारतात. तेव्हा जरूर घाला, पण कॅस्टर करेक्शनसकट.

हां, एक राहिलं. वर डिफचं लिहिलं ते सॉलिड अॅक्सलसाठी. पुढं इंडिपेंडंट सस्पेन्शन असेल तर पुढचं डिफ चेसिसला असतं, लिफ्टनं तेही वर जातं, पण मग सीव्ही जॉइंटवर (चाकाला ताकद पोहोचवणाऱ्या सांध्यांवर) ताण येतो आणि त्यांचे रबरी बूट फाटतात. लोखंडी बंपर घालणार असाल तर एअरबॅगला चालणारा आहे का ते विचारा, आणि वॉरंटी, इन्शुरन्सचे कागद आधी वाचा. ज्यांना रोज दगडांतच गाडी घालायचीय त्यांचं गणित वेगळं, मी तुमच्यासारख्या नव्यानं सुरुवात करणाऱ्याला सांगतोय.

आणि मित्रा, तू हे वाचशील हे माहितीय मला. गाडी हलकी होती म्हणून गेली हे मी मान्य करतोच, तेच तर इतकी वर्षं सांगतोय. रूफ रॅक उतरव, आणि त्या स्टिअरिंगचं काम पुढच्या हायवे ड्राइव्हच्या आधी करून घे, मागं मुलं बसतात तुझी.