जुनी दगडी इमारत वाचनालयासाठी दुरुस्त करताना सिमेंटचा गिलावा चालेल का?

नाही, मूळ बांधकाम चुन्यातलं असेल तर गिलावाही चुन्याचाच हवा. जमिनीतून भिंतीत चढणारी ओल चुन्याच्या सांध्यांतून बाहेर पडून सुकते. सिमेंट ती आत कोंडतं. मग क्षार फुलतात, मऊ दगड किंवा वीट भुगा होऊन झडते आणि वरचा गिलावा मात्र शाबूत दिसतो, त्यामुळे बिघाड फार उशिरा कळतो. जुन्या वास्तूंच्या जतनासाठीच्या १९६४च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेतही पारंपरिक तंत्र अपुरं पडलं तरच सिद्ध झालेल्या आधुनिक तंत्राला मुभा आहे. (चुन्यावर प्लास्टिक पेंट फासलात, तर सगळा खटाटोप वाया!) अपवाद एकच: नंतर जोडलेला काँक्रीटचा भाग, तिथे सिमेंट चालेल. आधी सांध्यातल्या मसाल्याचा (दगड जोडणाऱ्या मिश्रणाचा) तुकडा प्रयोगशाळेत तपासून घ्या.