पावसाळी वेळापत्रक

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. मेसेज कसला, पंचनामाच तो. गणपतीला गावी निघालेली मंडळी दोन वाटांनी गेली, तुमची रेल्वे दरडीमुळे खेडला अडकली, काकांची कार माणगावच्या कोंडीत, आजी रेल्वेत आणि तिच्या गोळ्या कारच्या डिकीत. कणकवलीला पोचलात तेव्हा घरच्या गणपतीची पूजा भावकीतल्या मुलाने करूनही टाकली होती. आणि खाली तुझा प्रश्न : ‘सगळं नियोजन माझं होतं, एक्सेलमध्ये मिनिटामिनिटाचं. यातून मी नक्की काय शिकायचं?’

माझी नोकरी एसटीच्या स्टँडवर, वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीत गेली हे तुला ठाऊक आहे. फेरी रद्द झाल्यावर माणूस कसा वागतो हे बघायचं तर त्या खिडकीइतकी चांगली जागा नाही. त्या भरवशावर चार गोष्टी लिहितो. पटतील तेवढ्या घे.

आधी तुझं ते एक्सेल. मी पाहिलंय, निघायच्या आदल्या रात्री तूच कौतुकाने दाखवलं होतंस. ‘रत्नागिरी, नाश्ता, 8.40’ असं लिहिलं होतंस त्यात. अरे, कोकण रेल्वे स्वतः पावसाळ्यात वेगळं वेळापत्रक काढते. जून ते ऑक्टोबर गाड्या सावकाश चालवते आणि तसं आधीच जाहीर करते. त्यामागे मोठी किंमत मोजलेली आहे. 2003 मध्ये वैभववाडीजवळ आणि 2004 मध्ये करंजाडीजवळ डोंगरावरून आलेल्या दगडांनी गाड्या घसरल्या, माणसं गेली. आता पावसात वेग कमी ठेवतात, ट्रॅकवर रात्रंदिवस गस्त असते. तरीही 14 जुलै 2024 ला दिवाणखवटीजवळ दरड आली आणि दुसऱ्या दिवसापर्यंत मार्ग बंद राहिला. अडकलेल्या कित्येक प्रवाशांना एसटीने मुंबईला आणावं लागलं. म्हणजे जे लोक ही गाडी चालवतात, ते पाऊस गृहीत धरतात. तू धरला नव्हतास. यात अपराध काही नाही, पण ‘इतकं चोख करूनही असं कसं झालं’ हा तुझा सूर मला पटला नाही.

घरातल्या माणसांचंही असं एक पावसाळी वेळापत्रक असतं. आजीला दर तासाला उठावं लागतं, बाबांना भूक लागली की राग येतो, धाकटीला घाटात उलटी होते. ही माहिती तुझ्या घरात सगळ्यांना आहे, फक्त तुझ्या तक्त्यात तिला रकाना नव्हता. पुढच्या वेळी गाडीच्या वेळा नंतर लिही, आधी या नोंदी कर.

आता खेड स्टेशनवरचे ते तास. तू लिहिलंस की बाबा आजीला दर थोड्या वेळाने सांगत होते, ‘अर्ध्या तासात सुटेल,’ आणि तिसऱ्या अर्ध्या तासानंतर आजी रडायला लागली. यावर मी पैजेवर बोलू शकतो. गाडी नाही म्हणून माणूस चिडतो, पण खोटी वेळ दिली की खचतो. स्टँडवर नवीन पोरगा ड्यूटीला आला की गर्दीला शांत करायला तो हमखास म्हणायचा, ‘आगारातून निघालीय, येतेच आहे.’ पाच मिनिटांनी तीच माणसं दुप्पट संतापून खिडकीशी. त्याऐवजी ‘गाडी कुठे आहे ते मला कळलेलं नाही, साडेचारला कंट्रोलला फोन लावतो, तेव्हा परत या’ असं सांगितलं की लोक चहा प्यायला जायचे. शिव्या द्यायचे, पण जायचे. ठाऊक नसेल तर तसं सांगावं, आणि पुढची बातमी कधी देणार ते सांगावं. ऑफिसात, दवाखान्याच्या बाहेर, लग्नघरात, कुठेही हे चालतं. बाबांनी आजीला धीर द्यायला खोटं सांगितलं हे मला कळतं. तरी ते काम तू तुझ्याकडे घ्यायला हवं होतंस, कारण बाबा त्या वेळी स्वतःच घाबरलेले होते.

आणि तुझा तो मामा, जो म्हणत होता, ‘चला, उतरू, हायवेला जाऊ, काहीतरी मिळेल.’ असा एक जण प्रत्येक घरात असतो. 27 जुलै 2019 ला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पुरात अडकली, चारी बाजूंना पाणी, आत हजाराच्या आसपास माणसं. तेव्हा रेल्वे एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती : गाडीतून उतरू नका. नंतर बोटी आल्या आणि सगळे सुखरूप बाहेर पडले. तुमच्याकडे पूर नव्हता हे खरं, पण भर पावसात, रात्री, सामान आणि म्हातारं माणूस घेऊन हायवे गाठणं हे धाडस नव्हे. हातपाय हलवले की काहीतरी केल्यासारखं वाटतं, एवढाच त्याचा अर्थ. तुझ्या आईने मामाला अडवलं आणि डब्यातल्या घावनांची पुडी सोडली. तुझ्या एवढ्या मोठ्या मेसेजमध्ये तिला एकच ओळ मिळाली आहे, तीही घावनांसाठी.

औषधांचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात शहाणपण कमी आणि सवय जास्त. ज्याची गोळी त्याच्या अंगावरच्या पिशवीत, दोन दिवसांची जास्तीची. चिठ्ठीचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये. रेल्वेत कुणाला बरं वाटेनासं झालं तर 139 लावायचा, तिकीट तपासनिसालाही सांगायचं. आणि तुम्ही जिथे चढणार त्या स्टेशनावरच गाडीला तीन तासांहून जास्त उशीर असेल, जायचं रद्द करायचं असेल, तर गाडी सुटण्याआधी टीडीआर, म्हणजे पैसे परत मागायचा अर्ज, भरला की पूर्ण पैसे मागता येतात. गाडीत चढलास की हा मार्ग बंद. हे सगळं निघण्याआधी ठाऊक असलेलं बरं, फलाटावर उभं राहून मोबाइलमध्ये शोधत बसलं की नेटवर्क नेमकं जातं.

खरं मला लिहायचंय ते पूजेबद्दल. तू लिहिलंस, बाबा दोन दिवस गप्प होते, कारण इतक्या वर्षांत पहिल्यांदा दुसऱ्या कुणीतरी पूजा केली. ‘दुसरं कुणीतरी’ म्हणजे कोण रे? दरवर्षी तुम्ही पोचण्याआधी घर झाडून घेणारा, गणपतीवरची फळापानांची माटवी बांधणारा, शाळेतून मूर्ती डोक्यावर आणणारा तोच ना? सिंधुदुर्गात मूर्तिकाराच्या जागेला गणपतीची शाळा म्हणतात हे तुला कळायला किती वर्षं लागली ते आठव. तुम्ही मुंबईहून येता, सोवळं नेसता, पूजा करता, आणि तो मागे समया घासत उभा. या वर्षी दुपार टळत चालली, तुमचा फोन लागेना, तेव्हा त्याने अंघोळ केली आणि पाटावर बसला. गणपती वेळेवर बसला. मंत्र त्याला येत होते, याचं तुमच्या घराला आश्चर्य वाटलं! मला तर त्या आश्चर्याचंच आश्चर्य वाटलं.

बेत मोडला की घरात कोण काय करतं ते उघडं पडतं. एरवी ठरलेल्या जागी ठरलेली माणसं उभी असतात, म्हणून आपल्याला वाटतं की घर त्यांच्यामुळे चालतं. तू मला धडा विचारलास तर माझ्या मते तो दरडीत नाही, तुझ्या तक्त्यातही नाही. गोळ्या आठवल्या कुणाला, शेजारच्या बाकावरच्या बाईकडून गरम पाणी मागून आणलं कुणी, कोण नुसतं बोलत होतं, हे आठवून बघ. आणि आठवलेलं कुणाच्या तोंडावर फेकू नकोस. मनात ठेव.

अजून एक. दिवाळीपर्यंत या प्रवासाचा विनोद झालेला असेल. ते चांगलंच आहे, आमच्याकडेही पुण्याच्या लग्नाला निघून साताऱ्याच्या गाडीत बसलेल्या आत्याची गोष्ट अजून चालते. पण आत्या ती गोष्ट निघाली की स्वयंपाकघरात जाते, हे बाकी कुणी बघत नाही. फजितीची गोष्ट रंगवायला घरात एक बकरा लागतो, आणि तो बहुधा ज्याला उलट बोलता येत नाही तोच असतो. तुमच्याकडे ती पाळी काकूवर येणार असं दिसतंय, कारण गोळ्यांची पिशवी तिने कारमध्ये ठेवली. सामानाची विभागणी तुझ्या तक्त्यात होती ना? मग गोष्ट सांगताना तेही सांगायचं. घरात गोष्ट सांगणारा तूच आहेस, तुझं सगळे ऐकतात, म्हणून हे तुला लिहितो.

लगेच काहीतरी शिकायलाच हवं अशी घाई मात्र करू नकोस. तुम्हा मुलांना हल्ली प्रत्येक गोष्टीचा निष्कर्ष त्याच आठवड्यात लागतो. थोडं मुरू दे. रविवारी आजीजवळ बस आणि विचार, पावसाळ्यात आगबोटी बंद असायच्या, रेल्वे तर नव्हतीच, तेव्हा गणपतीला गावी कसे पोचायचात? खेडच्या फलाटावर ती रडली ती गैरसोयीने नव्हे असा माझा अंदाज आहे, पण तो तिलाच विचारून पडताळ.

पुढच्या वर्षीचं आरक्षण 60 दिवस आधी उघडेल. 120 दिवसांचा जुना हिशेब नोव्हेंबर 2024 पासून गेला, म्हणून बेत ठरवायला वेळ भरपूर आहे. त्याआधी गावी त्या भावाला फोन कर आणि या वेळी पूजा कोण करणार ते त्याला विचार. बाबांना फोनजवळ बसव. उत्तर काय येतं ते मला कळव.

तुझा,
खालच्या मजल्यावरचा काका