पहिल्या रनओव्हरनंतर

डोळे मिटले की आपल्या लोकलखाली आलेल्या त्या माणसाचाच चेहरा दिसतो आणि ‘ब्रेक आधी मारला असता तर?’ हे रात्रभर डोक्यात फिरतं, हो ना? आपल्यातल्या बऱ्याच मोटरमननी हे सोसलंय रे. भरवेगातली बारा डब्यांची लोकल इमर्जन्सी ब्रेक लावूनही काहीशे मीटर पुढे जाऊनच थांबते. तो रुळावर दिसला तेव्हाच ते अंतर संपलं होतं. तुझा हात चुकला नाही.

विचार आला तर त्याच्याशी वाद घालू नकोस. येऊ दे, हातातलं काम सोडू नकोस. झोपेसाठी दारू घे म्हणणाऱ्यांचं तर मुळीच ऐकू नकोस. महिना उलटूनही हेच चाललं तर रेल्वेच्या डॉक्टरांना भेट. जीव नकोसा वाटला तर मात्र थांबू नकोस, लगेच १४४१६ वर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन कर. मराठीत बोलता येतं.