नागपूरच्या उन्हात ३७०झेड : ताकद वाढवण्याआधी उष्णतेचा बंदोबस्त

तुम्ही लिहिले आहे की २०११ ची, सहा गिअरची मॅन्युअल निसान ३७०झेड ही स्पोर्ट्स कार नुकतीच घेतली. वर्धा रोडने बुटीबोरीपर्यंत जोरात जाऊन आल्यावर ऑइलच्या तापमानाचा काटा बराच वर चढला आणि परतताना शहरातल्या गर्दीत क्लचचे पेडल एकदा खालीच राहिले. आता सायलेन्सर बदलावा, गाडी खाली बसवावी (स्प्रिंग बदलून तिची उंची कमी करावी) की सुपरचार्जरची (इंजिनात जास्त हवा कोंबून ताकद वाढवणाऱ्या यंत्राची) तयारी करावी, असा तुमचा प्रश्न आहे. याच मॉडेलची गाडी मी गेली आठ वर्षे नागपुरातच चालवतो आहे. माझे स्पष्ट मत असे आहे की या तिन्हींपैकी कशालाच अजून हात लावू नये. काटा आणि पेडल ही दोन वेगळी दुखणी दिसत असली तरी दोन्हींचे मूळ उष्णतेत आहे, आणि ज्या शहरात २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ अंशांवर गेला होता, तिथे पहिला खर्च तिच्यावरच व्हायला हवा.

आधी ऑइलचे पाहू. हे ३६९६ सीसीचे व्ही-६ इंजिन साडेसात हजार आरपीएमपर्यंत फिरते आणि ऑइल फार लवकर तापवते. सुरुवातीच्या वर्षांतल्या बहुतेक गाड्यांना कंपनीकडून ऑइल कूलर मिळालेला नव्हता. पुढच्या काही मॉडेलमध्ये तो दिला गेला. ऑइलचे तापमान साधारण १३८ अंशांच्या जवळ गेले की इंजिनचा संगणक आरपीएमची मर्यादा खाली आणतो आणि गाडी एकदम मंदावल्यासारखी वाटते. थंड देशात ही अडचण रेसिंग ट्रॅकवर जाणाऱ्यांना येते, आपल्याकडे नवतपात, म्हणजे मे अखेरच्या सर्वांत तापणाऱ्या नऊ दिवसांत, ती साध्या महामार्गावरही उभी राहू शकते.

त्यामुळे पहिली वस्तू ऑइल कूलरच घ्यावी, आणि तो थर्मोस्टॅट (ऑइल तापल्यावरच ते कूलरकडे सोडणारी झडप) असलेल्या प्लेटसहच घ्यावा. थर्मोस्टॅट नसेल तर डिसेंबरच्या सकाळी, पारा दहा-बारा अंशांवर असताना, ऑइल बराच वेळ थंडच राहते आणि थंड ऑइलवर इंजिन ताणणे हे गरम ऑइलवर ताणण्याइतकेच वाईट असते. पंचवीस ओळींचा (ऑइल वाहणाऱ्या आडव्या नळ्यांच्या ओळी) कूलर रस्त्यावरच्या गाडीला पुरतो. चौतीस ओळींचा मोठा घेतला तर तो मागच्या रेडिएटरचीच हवा अडवतो. कूलर बंपरमागे बसवताना हवा त्याच्या बाजूंनी निसटू नये म्हणून पत्र्याची चौकट करून घ्यावी. खोलीची सगळी दारे-खिडक्या लावून कूलर सुरू केला तर काय होते हे विदर्भात कोणाला सांगायला नको. इथेही आत आलेल्या हवेला बाहेर पडायला वाट लागते. आणि सिग्नलवर उभ्या गाडीत ऑइल कूलरचा फारसा उपयोग होत नाही हेही ध्यानात असू द्यावे. तिथे रेडिएटरचे पंखे आणि स्वच्छ जाळी हाच आधार असतो. मी दर उन्हाळ्याआधी पुढचा बंपर उतरवून एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर इंजिनच्या बाजूने पुढच्या बाजूकडे, कमी दाबाच्या पाण्याने धुऊन घेतो. पहिल्यांदा धुतला तेव्हा दोन्हींच्या फटीत किडे, सावरीचा कापूस आणि धूळ यांचा नमद्यासारखा थर बसलेला निघाला होता. कूलंटमध्ये बोअरचे पाणी कधीही घालू नये, फक्त डिस्टिल्ड वॉटर वापरावे.

ऑइलच्या बाबतीत याहून गंभीर गोष्ट दाबाची आहे. डॅशबोर्डच्या मधोमध जे तीन मीटर आहेत, त्यांत ऑइलचे तापमान, बॅटरीचा व्होल्ट आणि घड्याळ आहे; ऑइलचा दाब कुठेच दिसत नाही. या इंजिनात टायमिंग कव्हरच्या (इंजिनच्या पुढच्या टोकावरच्या झाकणाच्या) मागे ऑइलच्या वाटांवर कागदी गॅस्केट (सांध्यातली गळती रोखणाऱ्या पातळ चकत्या) आहेत, आणि सुरुवातीच्या वर्षांच्या गाड्यांत ते फाटून दाब आतल्या आतच निसटत असल्याचे जगभरच्या मालकांनी अनुभवले आहे. बाहेर एक थेंबही गळत नाही, म्हणून मालकाला कळत नाही. यासाठी एका चांगल्या मेकॅनिककडून साधा यांत्रिक दाबमापक लावून घ्या. इंजिन पूर्ण तापलेले असताना आयडलवर (उभ्या गाडीत, पाय न देता इंजिन चालू असताना) १४-१५ पीएसआयपेक्षा कमी दाब आला, तर पुढचे कव्हर उघडून धातूचे गॅस्केट बसवावे लागतील. हे काम वेळखाऊ आणि महाग आहे, तरी नवे इंजिन शोधण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. सुपरचार्जरचा विचार हा आकडा हाती येण्याआधी करणे मला अगदीच अनुचित वाटते.

आता क्लच. या गाडीत स्लेव्ह सिलिंडर, म्हणजे पेडलचा दाब फ्लुइडमार्फत घेऊन क्लच सोडवणारा भाग, बाहेर नसून गिअरबॉक्सच्या घंटेसारख्या भागात, शाफ्टच्या भोवती बसलेला असतो. क्लचची सगळी उष्णता तो शोषतो, आणि त्यातले फ्लुइड पावसाळ्यात हवेतला ओलावा ओढते. डॉट ३ आणि डॉट ४ या ब्रेक-क्लच फ्लुइडच्या प्रमाणित प्रती आहेत. ताज्या डॉट ३ फ्लुइडचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असावा लागतो. ओलावा मुरल्यावर मात्र किमान १४० अंशच धरला जातो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. फ्लुइडमध्ये वाफ झाली की पेडल मऊ पडते आणि शेवटी खालीच राहते. माझ्या गाडीचे पेडल एका मे महिन्यात, दुपारी, व्हेरायटी चौकाच्या सिग्नलवर असेच बसले. पायाने ते वर ओढून घेत, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून मी ती कशीबशी बाजूला घेतली. त्या आधी दोन वर्षे मी फ्लुइड बदलले नव्हते, ही चूक माझीच होती. गाडीतल्या क्लच फ्लुइडच्या बाटलीतले थेंब पांढऱ्या कागदावर टाकले तेव्हा ते शाईसारखे काळे होते. ताजे फ्लुइड कोऱ्या चहाच्या पाण्यासारखे फिकट दिसते.

तुम्हीही आजच हे करून पाहा. फ्लुइड काळे असेल तर डॉट ४ घालून पूर्ण ब्लीडिंग करा (जुने फ्लुइड आणि आतली हवा काढून टाका) आणि दरवर्षी पावसाळा संपल्यावर ते बदला. एवढे करूनही पेडल पुन्हा बसले, तर सिलिंडरचे सील गेले असे समजावे. तो बदलण्यासाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, म्हणून त्याच वेळी धातूचा सिलिंडर, क्लच प्लेट आणि बेअरिंग एकत्र बदलून घ्यावेत. मजुरी एकदाच पडते. भाग परदेशातून मागवताना चॅसिस नंबरवरून पार्ट नंबर पडताळून घ्यावा, कारण सीमाशुल्क भरून आलेला चुकीचा भाग परत पाठवणे जवळपास अशक्य असते.

तुमच्या मूळ यादीबद्दल थोडक्यात लिहितो. गाडी खाली बसवल्यास मागच्या चाकांचा कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) बिघडतो, टायर आतल्या कडेने झिजतात आणि आपल्या वस्त्यांमधले स्पीडब्रेकर सायलेन्सरला घासतात. उघडे शंकूच्या आकाराचे एअर फिल्टर लावू नयेत. या इंजिनाला दोन फिल्टर आहेत, ते मूळ पेट्यांमध्येच राहू द्यावेत, अन्यथा उन्हाळ्यात ते इंजिनखोलीतली तापलेली हवा ओढतील. सायलेन्सर आणि सुपरचार्जर यांत कायद्याचाही प्रश्न आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत असे बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हीच भूमिका कायम ठेवली. २०११ ची गाडी २०२६ मध्ये पंधरा वर्षांची होते, त्या वेळी नोंदणीच्या नूतनीकरणासाठी ती आरटीओत तपासणीला न्यावी लागते आणि पर्यावरण कर भरावा लागतो. मूळ स्थितीतल्या गाडीला तिथे अडचण येत नाही.

पेट्रोल ९५ ऑक्टेनचेच भरावे. पंपावर मिळणाऱ्या वीस टक्के इथेनॉलसाठी ही गाडी बनवलेली नाही, म्हणून पेट्रोलचे रबरी पाइप वर्षातून एकदा हाताने दाबून पाहावेत आणि पावसाळ्यात गाडी महिनोन्‌महिने अर्ध्या टाकीवर उभी ठेवू नये. समृद्धी महामार्गावर जाण्याआधी टायरच्या बाजूवरचा चार अंकी उत्पादनाचा कोड नक्की वाचा, पहिले दोन अंक आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे असतात. तापलेल्या काँक्रीटवर तासन्‌तास १२० च्या वेगाने जाताना नक्षी शाबूत असलेला जुना टायरही धोक्याचा ठरतो. हवा सकाळी, टायर थंड असतानाच भरावी.

फ्लुइडचा रंग आणि दाबमापकाचे दोन आकडे, एक आयडलवरचा आणि एक दोन हजार आरपीएमवरचा, इथे लिहा. ऑइल किती अंशांवर असताना ते घेतले हेही लिहा, म्हणजे टायमिंग कव्हर उघडण्याची गरज आहे का हे ठरवता येईल.