दोन गोळ्या राहिल्या, आता?

प्रश्न : मी २७ वर्षांची. आशाताईंनी दिलेली माला-एन ही गर्भनिरोधक गोळी घेते. गावच्या जत्रेत दोन दिवस गोळ्या राहिल्या, दुसऱ्या आठवड्यातल्या. शिवाय त्या तपकिरी गोळ्या मी टाकूनच देते. चालेल का? – एक वाचक, सातारा

उत्तर : जत्रेत पाहुण्यांचा स्वयंपाक आठवतो, गोळी नाही, माझ्याकडे येणाऱ्या निम्म्याजणींचं हेच. आठवलं की लगेच एक गोळी घ्या आणि त्या दिवसाची नेहमीच्या वेळी. एकाच दिवशी दोन झाल्या तरी बिघडत नाही. पुढचे ७ दिवस मात्र निरोध वापरा. एकच राहिली असती तर त्याचीही गरज नव्हती.

आता तपकिरी गोळ्या. पाकिटात २८ असतात : २१ पांढऱ्या संप्रेरकांच्या, ७ तपकिरी लोहाच्या. त्या टाकल्यानं दिवस जात नाहीत. पण मग नवं पाकीट ‘पाळी थांबल्यावर बघू’ म्हणून आठव्या दिवसाऐवजी दहाव्या दिवशी उघडलं जातं, आणि खरी गफलत तिथे होते. म्हणून घ्याच. लोह कशाला वाया घालवायचं! पाळी चालू असली तरी नवं पाकीट ठरल्या दिवशी सुरू.

गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांत उलटी झाली तर दुसरी घ्या. रक्तदाब वाढलेला असेल, डोळ्यांपुढे चमकून अर्धशिशी येत असेल किंवा क्षयाची रिफाम्पिसिन चालू असेल, तर ही गोळी तुमच्यासाठी नाही. आधी डॉक्टरांना सांगा.

मी सगळ्यांना पाकीट दात घासायच्या ब्रशजवळ ठेवायला सांगते. सासूबाईंना दिसेल म्हणता? मग उशीखाली.