फोर बाय फोर पिकअपचं ॲव्हरेज शहरात साडेनऊच, गाडी विकू का?

तुमचा प्रश्न असा: सेकंडहँड डिझेल फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद देता येणारी) पिकअप घेतली, नागपुरात लिटरला साडेनऊ किलोमीटर देते. हा फोर बाय फोरचा प्रताप का, आणि ती विकून टू-व्हील ड्राइव्हवाली घ्यावी का?

एवढ्यासाठी विकू नका, भाऊ.

माझ्याकडे अडीच लिटर इंजिनची जुनी इसुझू व्ही-क्रॉस पिकअप आहे. काटोलकडे संत्र्याची बाग आहे, त्यामुळे गाडीचे निम्मे दिवस पांदणीत जातात आणि निम्मे सीताबर्डीच्या गर्दीत. शहरात मला दहाच्या आसपास मिळतं, काटोल रोडवर बारा-तेरा. रिकामी गाडीच दोन टनांच्या घरात, पुढून भिंतीसारखी उभी, टायर रुंद. सिग्नलला दर वेळी एवढं धूड थांबवायचं आणि पुन्हा हलवायचं, डिझेल तिथंच जातं.

फोर बाय फोरचा वाटा त्यात थोडा. ट्रान्सफर केस (ताकद पुढं-मागं वाटणारी पेटी), पुढचा डिफरेन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना वेगळ्या वेगानं फिरू देणारे गिअर), पुढचा प्रॉपशाफ्ट (तिथवर ताकद नेणारा दांडा) हे वजन गाडी कायम वाहते, पण टू-एचमध्ये, म्हणजे फक्त मागच्या चाकांवर चालवताना, पुढच्या चाकांकडे ताकद जात नाही. माझा अंदाज, लिटरमागे अर्धा-पाऊण किलोमीटरचा फरक. मात्र पावसात चाकं घसरू नयेत म्हणून शहरात फोर-एच, म्हणजे चारही चाकांना ताकद, लावून फिरायची सवय असेल तर ती आजच सोडा. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठा घेर घेतात, आणि या पिकअपमध्ये तो फरक जिरवायला मधला डिफरेन्शियल नसतो. मग शाफ्टला पीळ बसतो, टायर घासतात, स्टिअरिंग जड होतं. डिझेल जातंच, शिवाय गिअरचं कामही निघतं. फोर-एच चिखलासाठी. जुलैत काळी माती फुगली की माझ्या बागेच्या पांदणीत ट्रॅक्टर सोडला तर साधी गाडी जात नाही, तेव्हा फोर-एच कशासाठी आहे ते कळतं.

आता साडेनऊ हा आकडा कुठून आला ते सांगा. डिस्प्लेवरून असेल तर सोडून द्या. माझा डिस्प्ले ११.२ दाखवतो तेव्हा टाकी ते टाकी हिशोब (टाकी फुल करायची, पुन्हा फुल करेपर्यंतचे किलोमीटर भरलेल्या लिटरनी भागायचे) १०.३ निघतो. तुम्हीही तसंच मोजा: एकच पंप, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडलं की थांबायचं, वरून आणखी दाबून भरायचं नाही, आणि असं सलग तीन वेळा. पहिल्या मालकानं टायर मोठे घातलेत का तेही बघा. माझ्या गाडीला २४५/७० आर १६ मापाचे टायर होते, आधीच्या मालकानं रुबाबासाठी २६५/७० घातले. त्यांचा व्यास साडेतीन टक्क्यांहून थोडा जास्त, म्हणून मीटर १०० किलोमीटर दाखवतो तेव्हा गाडी १०३ च्या वर धावलेली असते. म्हणजे ॲव्हरेज कागदावर कमी दिसतं. (खरंही कमी होतंच, टायर जड असतात ना.)

हायवेवर सगळा खेळ वेगाचा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. ८० वरून ११० वर गेलात की तो जवळपास दुपटीला पोचतो. समृद्धीवर शिवमडक्याहून निघून ८५ वर ठेवली तर मला तेरा मिळाले, त्याच रस्त्यावर ११० ला साडेदहा. हौद मागे उघडा असतो म्हणून काही जण फाळका पाडून चालवतात, हवा निघून जाते म्हणे. उलटं आहे. फाळका बंद असला की हौदात हवेचा भोवरा साचतो आणि वरची हवा त्यावरून सरकून जाते. फाळका लावूनच चालवा.

तुमची गाडी बीएस-६ असेल, म्हणजे एप्रिल २०२० नंतरची, तर आणखी एक गोष्ट. सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारं फिल्टर असतं, त्याला डीपीएफ म्हणतात. ते भरलं की गाडी जास्तीचं डिझेल जाळून ती काजळी तापवून उडवते. धरमपेठ ते सदर अशा दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत ते काम पुरं होत नाही, अर्धवट सुटतं आणि पुन्हा सुरू होतं. आठवड्यातून एकदा वर्धा रोडला अर्धा तास एकसारखी चालवून आणा. आणि मे महिन्यात ४५ अंशांत एसी लावून दुकानासमोर उभी ठेवलेली गाडी तासाला लिटरभर सहज पिते, ते डिझेल शून्य किलोमीटरचं!

एका पावसाळ्यानंतर माझंही ॲव्हरेज साडेअकरावरून नऊवर आलं होतं. गॅरेजवाल्यानं इंजेक्टर साफ केले, बिल केलं, फरक शून्य. घरी आल्यावर सहज चाकांना हात लावला तर पुढचं डावं चाक चटका देण्याइतकं गरम, बाकीची तीन कोमट. चिखलानं ब्रेकचा कॅलिपर (डिस्कवर ब्रेक पॅड दाबणारा भाग) अडकला होता, गाडी ब्रेक दाबूनच चालत होती म्हणा ना. साफ केला, आणि दोन टाक्यांत ॲव्हरेज जागेवर.

आता गाडी बदलायचा हिशोब. लिटरला १० चे ११ झाले तर हजार किलोमीटरला ९ लिटर वाचतात. २० चे २१ झाले तर अडीचही नाही. म्हणून पिकअपमध्ये एकेक किलोमीटरसाठी हवा, अलाइनमेंट, ब्रेक बघणं परवडतं. टू-व्हील घेऊन मिळणारा अर्धा किलोमीटर मात्र गाड्यांच्या अदलाबदलीच्या तोट्यात बुडून जाईल. शेत, साईट, खडीचा रस्ता यातलं काहीच नसेल, तर मग पिकअपच का, हा वेगळा प्रश्न.

तीन टाक्यांचा हिशोब झाला की आकडा इथं टाका. नऊच्या खाली निघाला तर वीस किलोमीटर चालवून चारही चाकांना हात लावा, आणि कोणतं तापलं तेही लिहा.