शास्त्राचा अर्थ ठरेपर्यंत ख्रिस्ती मंडळीत लैंगिकतेवर बोलायचंच नाही का?

तुमचा प्रश्न असा आहे: मंडळीतल्या तरुणांसाठी लैंगिकता, समलिंगी आणि ट्रान्स व्यक्तींना सामावून घेणं आणि लैंगिक आरोग्य यांवर चर्चा ठेवायची आहे; पण मंडळीचा कारभार पाहणारे वडील म्हणतात, आधी शास्त्र, म्हणजे बायबल, काय सांगतं ते ठरू दे. तर थांबावं का?

थांबू नका. हे ठरायला किती काळ लागतो ते बघा. समलैंगिक आचरण ख्रिस्ती शिकवणीशी विसंगत आहे, हे वाक्य युनायटेड मेथडिस्ट चर्चने १९७२ साली स्वीकारलं आणि २०२४ साली काढून टाकलं. त्याआधीच्या चार-पाच वर्षांत अमेरिकेतल्या त्यांच्या साडेसात हजारांहून जास्त मंडळ्या बाहेर पडल्या होत्या. १९७२ साली १५ वर्षांचा असलेला मुलगा २०२४ साली ६७ वर्षांचा झाला. त्याला उत्तरं हवी होती ती पंधराव्या वर्षी.

मीही मंडळीत अशा बैठका घेते आणि सुरुवात नेहमी आरोग्यापासून करते. वाद टाळायचा म्हणून नव्हे, तर अज्ञानाची किंमत इथे लोक शरीराने मोजतात म्हणून. एचआयव्हीचं घ्या. युगांडातले अँग्लिकन याजक गिडियन ब्यामुगिशा यांनी आपल्याला एचआयव्ही असल्याचं १९९२ साली उघडपणे सांगितलं. त्या काळी चर्चमध्ये या आजाराकडे पापाची शिक्षा म्हणून पाहणारे पुष्कळ होते. 'संयम पाळा, एकनिष्ठ राहा, नाहीतर कंडोम वापरा' हा संदेश का अपुरा पडतो, हे ब्यामुगिशा आणि त्यांच्यासारख्या धर्मसेवकांनी दाखवून दिलं. एकनिष्ठ बायकोला नवऱ्याकडून संसर्ग होतोच ना! म्हणून त्यांनी सुरक्षित वर्तन, औषधं, स्वेच्छेने चाचणी आणि माणसाला सक्षम करणं या चार गोष्टींवर एकत्र भर दिला. आज नियमित उपचारांनी रक्तातला विषाणू चाचणीत दिसेनासा झाला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातून तो जोडीदाराला जात नाही. हे वाक्य मंडळीत मोठ्याने बोलायला हवं. ते माहीत नसल्याने किती लग्नं मोडतात आणि किती जण चाचणीच टाळतात!

एचपीव्ही लशीचंही तेच. गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून वाचवणारी ही लस ९ ते १४ वयात, लैंगिक संबंध सुरू होण्याआधी द्यायची असते. 'आमची मुलगी तशी नाही' म्हणणाऱ्या आईला हे शांतपणे समजावणारं कुणीतरी हवं, आणि ती व्यक्ती मंडळीतलीच नर्स असेल तर फारच उत्तम.

आता शास्त्र. ते टाळू नका, पण समलैंगिकतेविरुद्ध नेहमी दाखवल्या जाणाऱ्या सहा-सात वचनांवरच अडकूही नका. समलैंगिकतेविरुद्ध ज्या सदोम नगराचा दाखला देतात, त्याचा दोष सांगताना यहेज्केल १६:४९ गर्व, अन्नाची सुबत्ता आणि गरिबांना हात न देणं यांवर बोट ठेवतं. प्रेषितांची कृत्ये ८ मध्ये कूश देशातला षंढ (अंडच्छेद केलेला) अधिकारी विचारतो, माझा बाप्तिस्मा व्हायला काय अडचण आहे? फिलिप्प रथातून उतरतो आणि त्याचा बाप्तिस्मा करतो. या उताऱ्यांनी वाद मिटत नाही, हे मान्य. माझं स्वतःचं मत सर्वांना सामावून घेण्याच्या बाजूचं आहे आणि ते मी लपवत नाही. पण बैठकीत मतदान कधीच घेत नाही. ज्यांच्याबद्दल हात वर होतात, ती मुलं त्याच खोलीत बसलेली असतात.

जगभरच्या अँग्लिकन बिशपांच्या लँबेथ परिषदेने १९९८ साली समलैंगिक आचरण नाकारलं, पण त्याच ठरावात समलिंगी व्यक्तींचे अनुभव ऐकून घेण्याची बांधिलकीही स्वीकारली. वडिलांना हा दुसरा भाग वाचून दाखवा. ऐकून घ्यायला सिद्धान्त ठरण्याची गरज नसते.

प्रार्थनेने कुणाला 'बदलून' देण्याचं आश्वासन मात्र कुणालाही देऊ देऊ नका. एक्झोडस इंटरनॅशनल ही त्याच कामासाठी ओळखली जाणारी संस्था २०१३ साली माफी मागून बंद झाली.

प्रश्न चिठ्ठ्यांवर, नाव न घालता घ्या. स्वतःबद्दल सांगण्याची सक्ती कुणावरही नको. एक गोष्ट पहिल्याच दिवशी स्पष्ट करा: इथलं बोलणं बाहेर जाणार नाही, पण एखाद्या मुलावर अत्याचार होत असल्याचं कळलं तर ते आम्ही गुप्त ठेवणार नाही. असं कळल्यावर कुणाला, कसं कळवायचं, हे बैठकीआधीच पाळकांबरोबर बसून लिहून काढा.